दहा वावरं आणि उरलेले पतंग

मारेगावला मी गेले ती एका बाईचं काम नापास करायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही कौतुक केलं तरी माझी सुरुवात कुठून झाली ते तुमच्या लक्षात राहील.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. त्याच्या जोडीला आम्ही काही जण मिळून एक सॉफ्टवेअर लिहितो. ते कुणाच्याच मालकीचं नाही. किडींची, पावसाची, मातीची मोजमापं त्यात घालायची आणि त्याने त्यातून काही अर्थ काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. वर्षातून एकदा आम्ही वीसेक माणसं चार दिवस एका खोलीत बसून त्याचा कोड लिहितो, एकमेकांच्या चुका काढतो, भांडतो आणि जेवायला पुन्हा एकत्र बसतो. ह्या खेपेची कार्यशाळा कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर घ्यायची ठरली. अळीने हंगामामागून हंगाम खाल्ल्याची ती वर्षं होती. ज्या जिल्ह्यात ती सर्वात जास्त चर्चेत होती त्या यवतमाळातच जाऊन बसावं असं मी सुचवलं, आणि सुचवेल त्याने करावं ह्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे जागा बघणं, माहिती तपासणं, जेवणखाण ठरवणं असं सगळंच माझ्या गळ्यात पडलं. जानेवारीच्या शेवटी मी एकटीच निघाले.

सगळा मामला एका सापळ्याभोवती फिरत होता, तो आधी सांगते. कामगंध सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी आणि आत मादीच्या वासाची गोळी. बोंडअळीचे नर पतंग त्या वासाने येतात आणि पिशवीत पडतात. पतंग मोजले की अळी किती येणार ह्याचा अंदाज बांधता येतो. एका संस्थेने काही गावांना असे सापळे दिले होते आणि गावांनी दोन हंगामांचे आकडे पाठवले होते. संस्थेची अट साधी होती. ज्या गावाचे आकडे माझ्या तपासणीत उतरतील त्यालाच पुढच्या हंगामात सापळे मिळणार.

मारेगावजवळच्या एका शिवारातले आकडे तपासणीत साफ आपटले होते. दहा वावरं, म्हणजे शेतं, दहा सापळे, मोजणार सुरेखाताई नावाच्या एक बाई. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर दर वेळी पहिल्या नऊ वावरांचा आकडा अगदी एकसारखा. नवांमध्ये पाच, पाच, पाच, पाच. फक्त दहाव्या वावराचा आकडा वेगळा, जवळजवळ नेहमी मोठा, कधी सात तर कधी बारा. ते दहावं वावर खुद्द सुरेखाताईंचं होतं. माझा निष्कर्ष तयार होता: बाई फक्त स्वतःच्या वावरात जातात, तिथले पतंग खरे मोजतात आणि बाकीच्या नवांचे आकडे घरी बसून लिहितात. हा शोध लावल्याबद्दल मी स्वतःवर खूशही होते. वीस वर्षं परीक्षेतल्या कॉप्या पकडल्याने माणसाची नजर अशी तयार होते.

यवतमाळ

यवतमाळात सकाळी उतरल्यावर पहिली गाठ पडली ती तर्रीपोह्यांशी. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, लिंबाची फोड आणि वर थोडा सभ्यपणा घालतात. इथे त्यावर लालभडक तर्री ओतली आणि तीत हरभरे तरंगत होते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली. गाडीवाल्याने लगेच वाटी भरली, जणू पुण्याची माणसं तिसऱ्या घासालाच शरण येतात हे त्याला ठाऊक होतं.

कार्यशाळेसाठी यवतमाळ आणि मारेगाव अशा दोन जागा पुढे आल्या होत्या. यवतमाळच्या एका महाविद्यालयात संगणकाची प्रयोगशाळा बघितली. चाळीस यंत्रं, गार हवा, भिंतीवर पांढरा पडदा, जेवणासाठी शेजारीच कॅन्टीन. तिथले प्राध्यापक अगत्याचे होते. मारेगावात वीज जाते, राहायला लॉज धड नाही, तुम्ही इथेच या, असं त्यांनी मला परोपरीने सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी त्यांच्याच खुर्चीत बसून संस्थेला मेल पाठवला: कार्यशाळा यवतमाळला, मारेगावचे आकडे वगळावेत.

तरीही मी दुपारची एसटी धरून मारेगावला गेले. वाईट बातमी माणसाच्या तोंडावर सांगावी, असं माझं एक जुनं खूळ आहे.

मारेगाव, पहिला दिवस

पांढरकवडा मागे टाकून करंजीवरून बस वळली की दोन्ही बाजूंना वावरंच वावरं. पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीनंतर राहिलेला मळका कापूस लोंबत होता. काही वावरांतली पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लावले होते. आमच्याकडच्या बांधाला इथे धुरा म्हणतात, आणि त्याच्यावरून होणारी भांडणं मात्र दोन्हीकडे सारखीच.

बसमधून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुरेखाताईंनी फोनवर सांगितलं होतं की शकीलभाईंच्या दुकानात थांबा, तिथे मी एक पाय ओढत पोचले. शकीलभाई दुचाकी दुरुस्त करतात, पन्नाशीचे, हातांना कायमचं काळं वंगण. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता चपलेकडे बघितलं. "द्या इकडं," म्हणाले. "बसा, पाणी प्या पहिले." जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून त्यांनी ती चपलेत अशी काही ओवली की मी ती चप्पल अजून वापरते. पैसे विचारले तर ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. दुकानात मागच्या फळीवर ग्रीसचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते. मी ते बघितले आणि विसरून गेले.

सुरेखाताई आल्या त्या हातात वही घेऊनच. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलण्यापेक्षा चालण्यात भराभर. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारच्या सभागृहात नेलं. कार्यशाळेसाठी ते चार दिवस मोकळं ठेवायला समिती तयार होती. वीज गेली तर शकीलभाई बॅटऱ्या जोडून देणार होते. वहीत वीस पाहुण्यांची सोय घराघरांत वाटून लिहिलेली होती, दोघी-दोघी बायका कोणाकडे, पुरुष कोणाकडे. कांदा-लसूण न खाणारे किती, तिखट न झेपणारे किती, त्यांचे रकाने रिकामे ठेवले होते. शेवटच्या पानावर दिवसाचा क्रम होता. पहाटे नव्हे, पण ऊन चढायच्या आत सगळ्यांनी सापळ्यांवर जायचं, मोजणी बघायची आणि मगच यंत्रापुढे बसायचं. गेली आठ वर्षं मी ह्या कार्यशाळांत बसते. जे मोजलं जातं ते आधी डोळ्यांनी बघावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्या वहीपुढे वाईट बातमी मी जेवणानंतरवर ढकलली. मला मनापासून शरम वाटत होती, आणि त्या बाईचा रागही येत होता, की इतकं नीट आखणाऱ्या माणसाने वावरात जायचा तेवढा आळस का करावा.

जेवायला त्यांच्या घरी गेलो. पाटोडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. बेसनाच्या वड्या रस्स्यात सोडलेल्या आम्हीही खातो, पण आमचा रस्सा ह्या रस्स्यापुढे आजाऱ्याचं पथ्य आहे. अंगणात सुरेखाताईंचे सासरे, ज्यांना त्या मामाजी म्हणतात, दोर वळत बसले होते. त्यांनी माझी चौकशी केली, पुण्याला पाऊस कसा झाला ते विचारलं. सुरेखाताईंनी त्यांचं ताट समोर ठेवलं तेव्हा मात्र त्यांनी मान फिरवली, आणि पाणी हवं होतं ते शेजारच्या बाईकडून मागवलं. मी मनात म्हटलं, घरोघरी काहीतरी असतंच.

हात धुतल्यावर मी सगळं सांगून टाकलं. नऊ वावरांचे सारखे आकडे, माझी शंका, सकाळी पाठवलेला मेल, पुढच्या हंगामात सापळे मिळणार नाहीत हेसुद्धा. सुरेखाताई भांडी गोळा करत ऐकत होत्या.

"म्हणजे नऊ वावरांत मी गेलीच नाई, असं म्हणता तुमी?"

मी म्हटलं, आकडे तसं म्हणतात.

"उद्या सकाळी सोबत चाला माझ्या. मंग काय लिहाचं थे लिहा." एवढं बोलून त्यांनी वही उघडली आणि तिखट न झेपणाऱ्यांच्या रकान्यात माझं नाव घातलं.

मारेगाव, दुसरा दिवस

सकाळी हवा गार होती आणि गवतावरच्या दवाने माझ्या साडीचा काठ ओला झाला. सुरेखाताई पुढे, मी मागे. त्या पहिल्या वावरात गेल्या, सापळ्याची पिशवी सोडली, पतंग एका कागदावर झटकले आणि काडीने एकेक बाजूला सारत मोजले. पतंग म्हणजे नखाएवढे करड्या रंगाचे जीव, वाळून इतके हलके झालेले की मी जवळून श्वास सोडला तर तीन उडाले. मी ते शोधून परत आणेपर्यंत ताई थांबल्या. रागावल्या नाहीत, पण पुढच्या सापळ्यापासून मला चार हात लांब उभं केलं.

नऊ निघाले. त्यांनी चिठ्ठीवर नऊ लिहिले. दुसऱ्या वावरात चार, तिसऱ्यात अकरा, चौथ्यात दोन. एकाही वावराला त्यांनी बगल दिली नाही. एका ठिकाणी सापळा वाऱ्याने कलला होता तो सरळ केला, एकीकडे पिशवीला भोक होतं ते गाठ मारून बुजवलं. त्यांची चाल इतकी सवयीची होती की प्रत्येक धुऱ्यावर पाय कुठे ठेवायचा ते पायालाच माहीत होतं. माझा सुंदर निष्कर्ष चौथ्या वावरापर्यंत गळून पडला होता.

दहावं वावर त्यांचं स्वतःचं. ते मोकळं होतं. पऱ्हाटी त्यांनी महिन्यापूर्वीच उपटली होती, अळीला राहायला जागा मिळू नये म्हणून. हंगामात उमलायच्या आधीच मिटून बसलेली फुलं, ज्यांना डोमकळ्या म्हणतात आणि ज्यांच्या पोटात अळी असते, ती त्या रोज वेचून नष्ट करत. सापळा तेवढा काठीला लटकत होता. पिशवीत काहीच नव्हतं. त्यांनी चिठ्ठीवर शून्य लिहिलं.

तिथून आम्ही शकीलभाईंच्या दुकानात आलो, कारण छापील तक्ता भरून त्याचा फोटो तिथूनच जातो. नेटवर्क फक्त त्यांच्या टायरच्या ढिगाजवळ मिळतं. सुरेखाताईंनी चिठ्ठीवरची बेरीज केली, सत्तावन्न. मग तक्ता पुढे ओढला आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या नऊ वावरांपुढे पाच, पाच, पाच असं नऊ वेळा लिहिलं. दहाव्यापुढे, म्हणजे आपल्या त्या मोकळ्या, रिकाम्या वावरापुढे, बारा.

मला राग आला. इतकं चालून, इतकं निगुतीने मोजून खोटं का लिहायचं? मी तसं विचारलंही, आवाज चढवून. शकीलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"पहिल्या सालच्या सुरवातीले खरंच लिहिलं होतं, मॅडम," सुरेखाताई म्हणाल्या. "थो तक्ता गावच्या बोर्डावर लागते, नावानिशी. ज्याच्या वावरात जास्त निंघाले त्याच्या नावानं गाव बोंबललं. याच्याच वावरातून किडा आला म्हणे. धुऱ्यावरून त्याची बैलबंडी जाऊ देईनात लोक. त्यानं सापळा उपटून विहिरीत फेकला. आठ दिवसांत चार सापळे गेले. मंग मोजाचं काय?"

तेव्हापासून त्यांनी बेरीज दहांत सारखी वाटायला सुरुवात केली. कुणाचा आकडा कुणापेक्षा जास्त नाही म्हटल्यावर भांडण मिटलं, आणि फेकलेले सापळे पुन्हा लागले.

"पतंगाले काय धुरा समजते? थो सगळ्या शिवाराचा," त्या म्हणाल्या. "बेरीज कधीच खोटी नाई लिहिली म्या. पाहून घ्या."

मी विचारलं, मग तुमच्या वावराचे बारा कसे?

"वाटून सात उरले. पतंग काही मोडून वाटता येत नाई. कोणाच्या तरी नावावर टाकाच लागते, मंग माझ्या टाकले."

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईने दोन हंगामांचे आकडे आडवे-उभे तपासले, आलेख काढले, कॉपी पकडली. आणि दहाव्या ओळीत दर वेळी भागाकाराची बाकी बसलेली आहे, हे तिला दिसलं नाही. शिवाराने फवारणी कधी करायची हे बेरजेवरूनच ठरतं, आणि बेरीज पहिल्या दिवसापासून खरी होती.

एवढ्यात ताईंनी फळीकडे बोट केलं. शकीलभाईंनी तिसरा डबा उतरवला. "डब्बा माझा, अंदरचा माल ताईचा," ते म्हणाले आणि पुन्हा गाडीकडे वळले. आत दोन हंगामांच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, दर आठवड्याची गड्डी ट्यूबच्या पट्टीने बांधलेली, माझ्या चपलेत होती तशीच. घरी ठेवल्या तर येणाराजाणारा बघेल, आणि शकीलभाईंचं ह्या शिवारात वावर नाही, म्हणून त्या त्यांच्याकडे. त्यांनी एकही उघडून वाचलेली नव्हती.

"खोटं लिहिलं तं खरं कुठंतरी ठेवाच लागते," सुरेखाताई म्हणाल्या.

मी गड्ड्या सोडून बघत गेले. त्यांच्या स्वतःच्या वावरापुढे शून्य, एक, शून्य, दोन, एक. सगळ्या शिवारात सर्वात कमी पतंग ह्याच बाईच्या वावरात होते, आणि बोर्डावर दोन हंगाम सर्वात जास्त तिच्याच नावावर. गावात तिच्या वावराला अळीचं माहेर म्हणतात, असं शकीलभाईंनी मान वर न करता सांगितलं. ताई त्यावर हसल्या. मलाही तेव्हा ते हसणं खरं वाटलं.

मी टायरच्या ढिगाशी उभी राहून संस्थेला फोन लावला आणि आदल्या दिवशीचा माझा मेल चुकीचा होता हे कबूल केलं. तिकडचे साहेब वैतागले, पण खरे आकडे मिळत असतील तर पुन्हा विचार करू म्हणाले. सुरेखाताईंची एकच अट होती: आकडे घ्या, नावं नको, आणि वावरांचा क्रम उलटापालटा करा.

आता माझीही एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी चार महिने खपून एक नकाशा बनवला होता. त्यात प्रत्येक वावर पतंगांच्या आकड्याप्रमाणे हिरवं किंवा लाल दिसतं. कार्यशाळेचा तो मुख्य दागिना होणार होता. मी लॅपटॉप उघडून ताईंना तो दाखवला आणि म्हटलं, खरे आकडे घातले की तुमचं वावर सगळ्यांत हिरवं दिसेल.

त्यांनी पडद्यावरच्या वावरांवरून बोट फिरवलं. "मंग बाकीचे लाल दिसतीन नं?"

नकाशा मी तिथेच बंद केला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या दुपारी एका उलट्या डब्यावर बसून मी आकडे यंत्रात घालत होते, सुरेखाताई चिठ्ठ्या वाचून दाखवत होत्या, आणि मी चुकून दोन ओळी एकात घातल्या की त्या मला थांबवत होत्या. कार्यशाळा माझ्या लेखी तेव्हाच सुरू झाली.

पुण्यात

परतल्यावर पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. मारेगावचे सापळे कायम राहिले. कार्यशाळाही मारेगावलाच, सभागृहात, ताईंच्या वहीतल्या क्रमाने. यवतमाळच्या प्राध्यापकांनी मोठ्या मनाने चार जास्तीचे संगणक देऊ केले.

कार्यशाळेत काय लिहायचं तेही बदललं. खरे आकडे सॉफ्टवेअर कुलपात ठेवील. त्या भागाचं नाव आम्ही 'डबा' ठेवलं आहे. बोर्डावर लावायच्या तक्त्यात बेरीज सगळ्यांत सारखी वाटलेली असेल, आणि वर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल, म्हणजे कुणाला खोटं लिहावं लागणार नाही. मी हा आराखडा सगळ्यांना पाठवला. आमच्यातल्या मंदारने, जो उत्तम कोड लिहितो, लगेच उत्तर दिलं: भागाकारात उरलेले नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीत टाकू या, सोपं पडतं.

मी त्याला कळवलं की तसं नको, मारेगावात शेवटची ओळ एका बाईची आहे. आता तक्त्याला अकरावी ओळ आहे. तिचं नाव 'शिवार'. उरलेले पतंग तिथे जातात, कुणाच्याच नावावर नाही.

हे सांगायला मी सुरेखाताईंना फोन केला. मला वाटलं होतं त्या हसतील, किंवा पाहुण्यांपैकी किती जणांना ठेचा चालतो ते विचारतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे बोर्डावर आता माझ्या वावराचे बी बाकीच्याइतकेच दिसतीन?"

मी म्हटलं, हो, अगदी तितकेच.

"मंग मामाजीले बोर्ड पाहाले नेईन," त्या म्हणाल्या. "दोन सालापासून बोलले नाईत थे माझ्याशी. सुनेनं वावर किड्यात घातलं म्हणतात."